गोल काळे करण्यापासून तोंड उघडण्यापर्यंत: पाव्हियातील वैद्यकशिक्षणाची सहा वर्षे

जानेवारी २०२० मधील एका धुकट सकाळी पाव्हिया विद्यापीठातील एका वर्गात मी दोन परीक्षकांसमोरच्या खुर्चीवर बसले, तेव्हा माझ्या पाठीमागच्या बाकांवर पंधरा-वीस विद्यार्थी वह्या उघडून बसले होते. परीक्षा माझी एकटीची होती आणि ते सारे ती ऐकायला आले होते. इटलीतील विद्यापीठांत तोंडी परीक्षा खुल्या दारानेच घेतली जाते, हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि वीस जणांची नजर मानेवर जाणवणे वेगळे. परीक्षकांनी ओळखपत्र पाहिले, यादीत खूण केली आणि आवडीच्या कोणत्याही विषयापासून सुरुवात करण्यास सांगितले.

दहावी, बारावी आणि नीट अशा तिन्ही परीक्षा देऊनही माझी आवड आजवर कोणी विचारली नव्हती. मी गडबडून ‘गॉल्जी पिंड’, म्हणजे पेशीतले एक अंगक, असे उत्तर दिले आणि बारावीला पाठ केलेले सगळे, म्हणजे चपट्या पिशव्यांची चळत, प्रथिनांवर होणारी प्रक्रिया आणि त्यांची योग्य जागी होणारी रवानगी, चाळीसएक सेकंदांत म्हणून दाखवून थांबले. परीक्षक वाट पाहत राहिले. शेवटी, अभ्यासक्रम इंग्रजीतला असूनही, त्यांच्या तोंडून इटालियनच बाहेर पडले: ‘ए पोई?’ म्हणजे ‘मग पुढे?’

पुढे माझ्यापाशी काही नव्हते. रवानगी होते म्हणजे कोणते प्रथिन कुठे जायचे हे ठरते कसे, पत्ता लिहिण्याचे हे काम ज्या बाळाच्या पेशींत जन्मतःच होत नाही त्या बाळात कोणती लक्षणे दिसतात, आणि कामिल्लो गॉल्जी यांनी १८९८ साली याच गावात हे अंगक पहिल्यांदा पाहिले ते कोणत्या प्राण्याच्या पेशीत, असे प्रश्न एकामागून एक आले. (तो प्राणी घुबड होता. हे उत्तर मला मागच्या बाकावरच्या एका ग्रीक मुलाने बाहेर आल्यावर सांगितले.) परीक्षकांनी अत्यंत सौजन्याने मला फेब्रुवारीतल्या तारखेला पुन्हा यायला सांगितले. चार पर्यायांतला बरोबर पर्याय ओळखून त्याचा गोल काळा करण्यात मी तरबेज होते. चार वाक्ये सलग बोलण्यात नव्हते.

पाव्हियाला येऊ इच्छिणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक मला शुल्क, व्हिसा, निवास आणि जेवण यांबद्दल विचारतात. त्याबद्दल मी पुढे लिहीत आहेच. परंतु येथे सहा वर्षांत जी गोष्ट माझ्याकडून सर्वांत कष्टाने झाली, ती म्हणजे बोलायला शिकणे, आधी परीक्षकांपुढे इंग्रजीत आणि नंतर रुग्णांपुढे इटालियनमध्ये. आणि तिच्याबद्दल निघण्यापूर्वी मला कोणीही सावध केले नव्हते.

गावाचे नाव पहिल्यांदा सांगितले तेव्हा आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या नातेवाइकांना ते पावभाजीतल्या पावाशी संबंधित वाटले होते. प्रत्यक्षात पाव्हिया हे मिलानच्या दक्षिणेस, आगगाडीने सुमारे अर्ध्या तासावर, तिचिनो नदीच्या काठी वसलेले लहान शहर आहे. येथील विद्यापीठाची सनद १३६१ सालची असून ती मिलानचा सत्ताधीश गालेआत्सो दुसरा विस्कोन्ती याच्या विनंतीवरून पवित्र रोमन सम्राट चौथा चार्ल्स याने दिली. प्रागचे विद्यापीठ स्थापणारा चार्ल्स तो हाच. जुन्या इमारतीच्या चौकात, जिथे आम्ही दुपारचा डबा खात असू, तिथे आलेस्सान्द्रो व्होल्टा यांचा पुतळा आहे, कारण विद्युतघटाचे जनक व्होल्टा येथे भौतिकशास्त्र शिकवीत. त्याच इमारतीतल्या संग्रहालयात शरीररचनाशास्त्रज्ञ आन्तोनिओ स्कार्पा यांचे डोके द्रवात जतन करून ठेवलेले आहे. मांडीच्या वरच्या भागातील ‘स्कार्पाचा त्रिकोण’ शिकताना ते आठवतेच. तुमची पोटातली तयारी असेल तर शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेपूर्वी एकदा पाहून या. इंग्रजी माध्यमाचा सहा वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम मात्र अगदी अलीकडचा, २००९ सालचा आहे आणि त्याला रक्ताभिसरण उलगडून दाखवणारे विल्यम हार्वे यांचे नाव दिलेले आहे. हार्वे स्वतः इटलीतल्याच पदुआच्या विद्यापीठात शिकले होते, पाव्हियाला नव्हे, ही गोष्ट पदुआचे विद्यार्थी भेटले की आवर्जून सांगतात.

प्रवेशाचा मार्ग आयमॅट नावाच्या परीक्षेतून जातो. साठ प्रश्न, शंभर मिनिटे, बरोबर उत्तराला दीड गुण, चुकीच्या उत्तराला ०.४ गुण वजा आणि सोडलेल्या प्रश्नाला शून्य असे तिचे स्वरूप आहे. मी २०१९ साली ती दिली तेव्हा साठपैकी बावीस प्रश्न तर्क आणि सामान्य ज्ञान यांवर होते, आणि युरोपच्या इतिहासाचे प्रश्न पाहून मला घाम फुटला होता. अलीकडच्या वर्षांत तो भार खूप कमी होऊन जीवशास्त्राचे २३, रसायनशास्त्राचे १५ आणि भौतिकशास्त्र-गणिताचे १३ असे विज्ञानाचेच प्रश्न अधिक झाले आहेत, त्यामुळे नीटची तयारी केलेल्या विद्यार्थ्याला ही परीक्षा आता पूर्वीइतकी परकी वाटणार नाही. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक विद्यापीठात वेगळ्या जागा असतात. माझ्या वेळी अशा विद्यार्थ्याला एकाच विद्यापीठाच्या जागांसाठी स्पर्धा करता येत असे, आणि म्हणून ते विद्यापीठ कोणते हा निर्णय गुणांइतकाच महत्त्वाचा ठरे. हे नियम इटलीचे मंत्रालय दर वर्षी नव्या आदेशाने जाहीर करते. कोणत्याही सल्लागाराच्या माहितीपत्रकापेक्षा तो आदेश स्वतः वाचावा, भले भाषांतराच्या साधनातून का होईना. भारतात परतून वैद्यक व्यवसाय करण्याची थोडीशी जरी शक्यता मनात असेल, तरी नीट उत्तीर्ण असणे आवश्यक आहे, हे येथे वेगळे सांगायला हवे, कारण आयमॅट मिळाल्याच्या आनंदात काही जण ते विसरतात.

कागदपत्रांत सर्वाधिक वेळ गेला तो उत्पन्नाच्या पुराव्यात. येथील सरकारी विद्यापीठांत शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नावर आणि मालमत्तेवर ठरते, आणि कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याला, तो परदेशी असला तरी, प्रादेशिक शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी घरातील प्रत्येकाचे उत्पन्न, घराचे क्षेत्रफळ आणि जमीन यांचे दाखले अधिकृत करून, अपोस्टिल शिक्का (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) घेऊन इटालियनमध्ये भाषांतरित करावे लागतात. आमच्या घरी बाबांची शिक्षकाची नोकरी आणि काही गुंठे भातशेती. तलाठ्यांकडून घेतलेला सातबारा उतारा मुंबईतल्या भाषांतरकार बाईंना दिला, तेव्हा त्यांनी फोन करून अतिशय गंभीरपणे विचारले, ‘हा पोटखराबा म्हणजे काय? पोटाचा आजार आहे का?’ लागवडीला अयोग्य अशी जमीन, असे मी त्यांना समजावले. तरी इटलीतल्या कार्यालयाने पुन्हा विचारणा केलीच, आणि बाबांनी खडकाळ तुकड्याचा फोटो काढून पाठवला. फोटो कोणी मागितला नव्हता, पण प्रकरण मार्गी लागले. माझा सल्ला एवढाच की हे दाखले प्रवेश निश्चित होण्याची वाट न पाहता जूनपासूनच जमवायला घ्यावेत, आणि आर्थिक वर्षाऐवजी त्यांना कॅलेंडर वर्षाचे उत्पन्न हवे असेल, तर त्याचे वेगळे पत्र कार्यालयातून लिहून घ्यावे. शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षापासून टिकवायची असेल तर ठरावीक तारखेपर्यंत ठरावीक श्रेयांक मिळवावे लागतात, आणि तेथेच परीक्षांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

इटलीत उतरल्यावर आठ कामकाजी दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज करणे बंधनकारक आहे. टपाल कार्यालयातून अर्जाचा संच घ्यायचा, १६ युरोचा महसुली स्टँप लावायचा, पावती जपून ठेवायची, मग पोलिसांच्या कार्यालयात बोटांचे ठसे द्यायला जायचे, असा तो क्रम आहे. ती पावती हरवू नका. परवाना हाती येईपर्यंत तीच तुमची ओळख असते. परवान्याच्या पहिल्या नूतनीकरणाच्या वेळी किमान एक परीक्षा आणि त्यानंतर दर वर्षी किमान दोन परीक्षा उत्तीर्ण असाव्या लागतात.

आता परीक्षांविषयी सविस्तर लिहिते. आपल्याकडे परीक्षेचे वेळापत्रक लागते आणि सगळा वर्ग एकाच दिवशी एकाच प्रश्नपत्रिकेला सामोरा जातो. येथे प्रत्येक विषयाच्या हिवाळ्यात, उन्हाळ्यात आणि सप्टेंबरात अशा अनेक तारखा लागतात, आणि कोणत्या तारखेला बसायचे हे विद्यार्थी ठरवतो. नापास झाल्याचा डाग राहत नाही, पुन्हा बसता येते. उत्तीर्ण होण्यास तीसपैकी १८ गुण लागतात, सर्वोत्तम विद्यार्थ्याला तीस आणि वर प्रशंसा मिळते. एवढेच नव्हे, तर मिळालेले गुण मनासारखे नसतील तर ते नाकारून पुढच्या तारखेला पुन्हा येण्याची मुभा साधारणपणे असते. ही मोकळीक ऐकायला फार गोड वाटते. प्रत्यक्षात तिने माझ्या वर्गातल्या सर्वांत हुशार मुलांपैकी काहींना दोन-दोन वर्षे मागे टाकलेले मी पाहिले आहे, कारण ‘अजून तयारी पूर्ण झालेली नाही’ असे वाटणाऱ्याला येथे कोणीही ढकलत नाही. शरीररचनाशास्त्राची परीक्षा पुढे ढकलली की तिच्यावर आधारलेली पुढची परीक्षा अडते, ती अडली की रुग्णालयातले विषय अडतात, आणि गणपतीला घरी जाण्याचे तिकीट रद्द करून सप्टेंबरच्या तारखेला बसण्याची वेळ येते. माझ्यावर ती दोनदा आली.

पहिल्या फटक्यानंतर मी काय केले ते सांगते. फेब्रुवारीतल्या माझ्या तारखेपूर्वी मी वही घेऊन इतरांच्या परीक्षा ऐकायला जाऊन बसले, तीन सकाळी सलग. प्रश्न टिपून घेणे हा त्यातला सर्वांत लहान फायदा आहे. खरा फायदा हा की चांगले उत्तर कसे ऐकू येते ते कानाला कळते. तीस गुण मिळवणारी मुलगी माझ्यापेक्षा जास्त माहिती सांगत नव्हती. ती विषय कुठून उचलायचा, कुठे थांबून आकृती काढायची आणि परीक्षकाचा पुढचा प्रश्न आपल्याला हव्या त्या दिशेला कसा वळवायचा हे जाणत होती. कीर्तनकार मूळ अभंग घेऊन निरूपण करतो आणि फिरून त्याच अभंगावर येतो, तसे तिचे उत्तर होते. लहानपणी देवळात ऐकलेली कीर्तने मला त्या क्षणी आठवली आणि हे तंत्र आपल्याला अगदीच अनोळखी नाही, असा धीर आला.

त्यानंतर मी दर संध्याकाळी एक विषय निवडून पाच मिनिटे मोठ्याने बोलू लागले. आधी भिंतीशी, मग एका तुर्की मैत्रिणीशी. तिला मी मुद्दाम सांगून ठेवले होते की मी थांबले की ‘ए पोई?’ असे विचारायचे. येथील विद्यार्थ्यांमध्ये ‘स्बोबिने’ फार चालतात. म्हणजे व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे ऐकून विद्यार्थ्यांनी आपापसांत वाटून घेऊन लिहून काढलेल्या टिपणांची बाडे. ती जरूर मिळवा, कारण प्राध्यापक कशावर भर देतात ते त्यांतून दिसते, पण केवळ तीच वाचून परीक्षेला बसू नका. त्यांत चुका असतात आणि एकच चूक सलग दहा विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकली की परीक्षकांच्या ते लक्षात येते.

फेब्रुवारीच्या मध्यावर मी पुन्हा त्या खुर्चीवर बसले आणि आवडीचा विषय म्हणून पुन्हा गॉल्जी पिंडच घेतले. घुबडापासून सुरुवात केली. २५ गुण मिळाले, ते मी नाकारले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात, २० फेब्रुवारीच्या रात्री, पाव्हियाच्या पूर्वेस असलेल्या कोदोन्यो या गावात करोनाची लागण झालेला रुग्ण सापडला आणि त्याला उपचारांसाठी आमच्याच सान मातेओ रुग्णालयात हलवण्यात आले. पंधराव्या शतकापासून चालत आलेले हे रुग्णालय, ज्याच्या दारातून आम्ही अजून विद्यार्थी म्हणून आतही गेलो नव्हतो, एका रात्रीत साऱ्या इटलीच्या बातम्यांत आले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून टाळेबंदी लागली. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षा आम्ही पडद्यावर दिल्या, खोलीचा कोपरान् कोपरा कॅमेऱ्यातून फिरवून दाखवून. त्या काळाबद्दल लिहिण्यासारखे खूप आहे, पण नवागताला त्याचा उपयोग नाही. म्हणून येथेच थांबते.

तिसऱ्या वर्षापासून रुग्णालयात जाणे सुरू होते आणि तेथे इंग्रजीचे राज्य संपते. पुण्यातील एका सल्लागाराने आमच्याकडून चांगले पैसे घेऊन बाबांना छातीठोकपणे सांगितले होते की अभ्यासक्रम पूर्ण इंग्रजीत असल्याने इटालियनची गरज पडणार नाही. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे हे खरेच आहे. रुग्णाचे पोट मात्र इटालियनमध्येच दुखते. शिकवणारे डॉक्टर आम्हाला इंग्रजीत समजावतात, पण खाटेवरच्या आजोबांना ते काय विचारतात आणि आजोबा काय सांगतात हे ज्याला कळत नाही, तो विद्यार्थी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सलाइनच्या स्टँडसारखा होतो. मी तिसऱ्या वर्षीचे पहिले दोन महिने तसा स्टँड होते.

पुस्तकी इटालियन वर्गात शिकता येते आणि ते पहिल्याच वर्षापासून शिकावे. विद्यापीठाच्या भाषावर्गांना नियमित जावे. परंतु रुग्णाची भाषा वेगळी असते आणि तिथे मला अनपेक्षित मदत झाली ती मराठीची. एक उदाहरण देते. मधुमेह असलेल्या एका बाईंनी पायांबद्दल बोलताना ‘फोर्मिकोलिओ’ हा शब्द वापरला. माझ्या शेजारचा विद्यार्थी शब्दकोश उघडू लागला. फोर्मिका म्हणजे मुंगी, हे मला जेवणाघरातल्या मुंग्यांमुळे ठाऊक होते, आणि बाईंच्या पायाला मुंग्या येत आहेत हे मला भाषांतराशिवायच समजले. इंग्रजीत याच संवेदनेला टाचण्या आणि सुया म्हणतात, त्यातून हे कधीच उलगडले नसते. तसेच ‘जिरा ला तेस्ता’, म्हणजे डोके फिरते, हे ऐकल्यावर चक्कर येते हे कळते, रागाने डोके फिरणे नव्हे, हा बारकावाही मराठी माणसाला लगेच जाणवतो. मानेला गार वारा लागल्याने आखडले, ओल्या केसांनी बाहेर पडल्याने आजारपण आले, अशा तक्रारी उत्तर इटलीतले वृद्ध लोक अगदी आमच्या आजीच्या खात्रीने सांगतात. उपचार त्यावरून ठरवायचे नसतात. पण हसू न दाबता ऐकून घेता येणे हेही शिक्षणच आहे.

संसर्गजन्य रोगांच्या परीक्षेत मला मलेरियाचा प्रश्न आला. गॉल्जी यांनी १८८५-८६ च्या सुमारास पाव्हियातच दाखवून दिले होते की थंडी वाजून ताप चढण्याची वेळ आणि रक्तपेशी फुटून परजीवी बाहेर पडण्याची वेळ एकच असते, आणि एक दिवसाआड येणाऱ्या तापाचा परजीवी दोन दिवस मध्ये सोडून येणाऱ्या तापाच्या परजीवीपेक्षा वेगळा असतो. मी सांगितले की आमची आजी पहिल्या प्रकाराला ‘एकांतरा’ म्हणत असे. परीक्षकांनी तो शब्द दोनदा म्हणायला लावला आणि मग नेहमीप्रमाणे विचारले, ‘ए पोई?’ या वेळी माझ्यापाशी पुढचे होते: सिकंदराबादेत १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठराच्या भित्तिकेत पाहिलेला परजीवी, आणि पाव्हियातूनच वैद्यकाची पदवी घेतलेल्या जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी यांचे रॉस यांच्याशी श्रेयावरून झालेले कडाक्याचे भांडण. त्या भांडणात बाजू कोणाची घ्यावी याबद्दल इटलीतल्या परीक्षकांसमोर मी मौन पाळले.

सहाव्या वर्षातल्या प्रात्यक्षिकांपैकी एक महिना कुटुंबवैद्याच्या दवाखान्यात काढावा लागतो. माझा महिना पाव्हियाच्या पश्चिमेस पसरलेल्या लोमेल्लिना भागातल्या एका गावात गेला. हा सगळा भातशेतीचा प्रदेश. मे महिन्यात खाचरे पाण्याने भरली की आगगाडीच्या खिडकीतून आमच्याकडच्या जुलैची आठवण यावी असा. एके दिवशी नव्वदीला टेकलेल्या एक आजी गुडघे दाखवायला आल्या. त्यांची बोली स्थानिक, अर्धी मला कळत नव्हती, आणि डॉक्टर फोनवर गुंतलेले. मी विचारले की तरुणपणी काम काय करत होता. त्या म्हणाल्या, ‘मोन्दिना.’ म्हणजे भातखाचरात गुडघाभर पाण्यात वाकून तण काढणारी आणि रोपे लावणारी बाई. मी खुर्चीवरून उठले, कमरेत वाकले आणि आमच्याकडची लावणी करून दाखवली: डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने दोन-दोन काड्या चिखलात खोचत मागे मागे सरकत. आजींनी माझ्याकडे पाहिले, आणि मग त्या पहिल्यांदा मोकळेपणाने बोलू लागल्या. गुडघ्यांबरोबरच रात्री पायऱ्या उतरताना दोनदा पडल्याचे त्यांनी सांगितले, जे त्यांनी मुलालाही सांगितले नव्हते. पडण्याची ती नोंद डॉक्टरांनी पुढच्या तपासण्यांसाठी सर्वांत महत्त्वाची मानली.

निवास आणि जेवण यांबद्दल थोडक्यात. पाव्हियाचे वैशिष्ट्य म्हणजे येथील विद्यार्थी वसतिगृहे, ज्यांना ‘कोल्लेजो’ म्हणतात. त्यांतली बोर्रोमेओ (१५६१) आणि गिस्लिएरी (१५६७) ही दोन सर्वांत जुनी असून तेथे गुणवत्तेवर, स्वतंत्र परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो, आणि त्या परीक्षेतही तोंडी भाग असतो. शिष्यवृत्तीधारकांसाठी सार्वजनिक वसतिगृहे आहेत, मी तेथे राहिले. खासगी खोली घ्यायची झाल्यास करार नोंदवलेला असल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्या एका मैत्रिणीची दोन महिन्यांची अनामत अशाच एका घरमालकाने बुडवली. हिवाळ्यातले धुके मनावर येते. तांदळाच्या या मुलखात आपल्या भातासारखा भात करण्याचा हट्ट मात्र सोडून द्यावा: आर्बोरिओ किंवा कार्नारोली तांदळाचा मोकळा भात होत नाही, पण पेज अप्रतिम होते, आणि आजारी पडल्यावर तीच हवी असते.

पदवीनंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून तो पहिल्या वर्षाच्या आधी विचारायचा आहे. इटलीत २०२० पासून पदवी हीच व्यवसायाची परवानगी देणारी झाली आहे. वेगळी राज्य परीक्षा राहिलेली नाही, तर वैद्यक, शल्यक्रिया आणि कुटुंबवैद्यक अशा तीन क्षेत्रांतील एकेक महिन्याची मूल्यमापनासह प्रात्यक्षिके सहा वर्षांतच पूर्ण करावी लागतात. युरोपात राहणाऱ्याला हे सोयीचे आहे. भारतात परतणाऱ्याने मात्र राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची नोव्हेंबर २०२१ ची नियमावली शब्दशः वाचावी. तिच्यात किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातील अभ्यासक्रम, त्याव्यतिरिक्त त्याच परदेशी संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता, त्या देशात तेथील नागरिकांच्या बरोबरीने व्यवसाय करण्याची पात्रता, आणि भारतात आल्यावर पुन्हा बारा महिन्यांची आंतरवासिता अशा अटी आहेत. इटलीत आंतरवासिता स्वतंत्र वर्ष म्हणून नसून अभ्यासक्रमातच विरघळलेली असल्याने दुसऱ्या अटीची पूर्तता कशी दाखवायची, हे विद्यापीठाकडून आणि आयोगाकडून प्रवेशाआधी लेखी घ्यावे. मी २०१९ साली प्रवेश घेतलेली असल्याने जुन्या नियमांत बसते. तुम्ही बसणार नाही. शिवाय भारतात नोंदणीसाठी ३०० गुणांपैकी १५० मिळवण्याची परीक्षा द्यावी लागते, आणि ती बहुपर्यायी असते.

मी येथेच राहून विशेष शिक्षण घ्यायचे ठरवले आहे. पदवीच्या दिवशी डोक्यावर हिरव्या पानांची जी माळ घालतात ती घालून मी आईबाबांना व्हिडिओ कॉल केला, तेव्हा बाबांनी विचारले, ‘आता संपल्या ना परीक्षा?’ संपल्या नव्हत्या. विशेष शिक्षणाच्या जागा साऱ्या इटलीसाठी घेतल्या जाणाऱ्या एकाच स्पर्धेतून मिळतात. ती परीक्षा इटालियनमध्ये असते. २१० मिनिटे, १४० प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. सहा वर्षे बोलायला शिकल्यावर पहिल्या सराव परीक्षेत मी एकेका प्रश्नावर पर्याय निवडायच्या आधी मनातल्या मनात पाच मिनिटांचे निरूपण करत बसले, आणि वेळ संपली तेव्हा ५१ प्रश्न कोरे राहिले होते.